बिळात जाणारा हात

मुग्धाचा हात लांब होता, काडीसारखा. माझा आखूड आणि भरलेला, बाबांच्या आईवर गेलेला. या प्रकरणात जे काही घडतं ते या एका फरकामुळे, म्हणून ते आधीच सांगून टाकते. मला गोष्टी क्रमाने लावलेल्या आवडतात. हॅमिल्टनच्या ज्या हॉस्पिटलात मी काम करते तिथे ऑपरेशन थिएटरचं सगळं सामान माझ्या नजरेखालून जातं, आणि कुठली कात्री कुठल्या ट्रेमध्ये हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. माझी धाकटी बहीण मुग्धा पोरिरुआला असते, शाळेत शिकवते, आणि तिला रोज सकाळी गाडीची किल्ली शोधायला नवरा लागतो. लहानपणापासून हे असंच आहे. तेव्हा किल्ल्या, मोजे, दप्तर शोधून देणारी मी होते, एवढाच काय तो फरक.

आम्ही पापाटोएटोला राहत होतो. घराच्या मागे रेल्वेचे रूळ, पुढे चालत गेलं की आपल्या लोकांची दुकानं, जिथे आईला कढीपत्ता मिळायचा आणि गप्पा मारायला बायका. शेजारी सामोआ बेटांवरून आलेलं एक कुटुंब होतं. रविवारी सकाळी त्यांच्याकडे सगळे मिळून गात आणि आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत, आणि मला कितीतरी वर्षं वाटायचं की ही दोन्ही एकाच पूजेची अंगं आहेत. मी पुण्यात जन्मले, मुग्धा इथे. आई मला मराठीत हाक मारायची, मी मराठीत उत्तर द्यायचे. मुग्धाला मराठीत हाक मारली की उत्तर इंग्रजीत यायचं, तेही इथल्या मुलांसारखं, शब्दांची शेपटं गिळून. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. मी मात्र आरशासमोर उभी राहून ‘फिश’ आणि ‘चिप्स’ त्यांच्यासारखं म्हणायचा सराव केला होता. मला तिचा हेवा वाटायला सुरुवात झाली ती बहुधा तिथून.

बाबा ड्रेनेजच्या पाइपांचे नकाशे काढायचे. रुक्ष काम, पण ते मन लावून करत. मग त्यांच्या ऑफिसातला एक जण त्यांना एका शनिवारी उत्तरेकडच्या एका बेटावर झाडं लावायला घेऊन गेला, आणि आमच्या घरात एक माणूस वाढल्यासारखं झालं. नकाशावर त्या बेटाला नाव आहे. आमच्या घरात त्याला नुसतं ‘बेट’ म्हणत. तिथे कोणी राहत नाही. धक्का नाही, रस्ता नाही, प्यायला पावसाच्या पाण्याशिवाय पाणी नाही. छोट्या होडीतून खडकावर उडी मारायची आणि लाट परत यायच्या आत वर सरकायचं. फार पूर्वी माणसांबरोबर तिथे उंदीर पोचले आणि त्यांनी पक्ष्यांची अंडी, पिल्लं, किडे, सगळं फस्त केलं. मग लोकांनी चिकाटीने उंदीर संपवले आणि पक्षी परतले. बाबा सांगायचे की सगळी जमीन अनारशासारखी जाळीदार आहे, पाय ठेवाल तिथे खाली बीळ. त्या बिळांत पेट्रेल जातीचे समुद्रपक्षी राहतात. इथले मूळचे माओरी लोक त्यांना ‘ओई’ म्हणतात, म्हणून आम्हीही ओई म्हणायचो. दिवस समुद्रावर काढायचा आणि अंधार पडला की आपल्याच बिळात, आपल्याच पिल्लाकडे परतायचं, हे त्यांचं आयुष्य. त्याच बिळांत कधी कधी टुआटारा नावाचा प्राणी भाडेकरूसारखा राहतो. दिसायला सरड्यासारखा, पण सरडा नव्हे; त्याची सगळी भावकी पृथ्वीवरून केव्हाच संपली, हा एकटा उरला.

बाबा दर महिन्याला जायला लागले. आई म्हणायची, “यांनी सवत आणली असती तर परवडलं असतं. निदान भांडी तरी घासली असती तिने.” ती हसत म्हणायची, पण शनिवारी सकाळी बाबांच्या बुटांच्या लेस बांधून होईपर्यंत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायचा.

बाबांनी पक्ष्यांचे आवाज एका सीडीवर भरून आणले आणि आम्ही ते जेवताना ऐकू लागलो. घास तोंडात असताना ओळखायचं, कोणता पक्षी. मी दोन दिवसांत सगळे पाठ केले. पहिला बेलबर्ड, दुसरा सॅडलबॅक, तिसरा छोटा निळा पेंग्विन, जो गाढव आजारी पडल्यासारखा ओरडतो. बाबा खूश. मग एका संध्याकाळी त्यांनी क्रम बदलून सीडी लावली आणि मी वरणभात कालवत एकामागून एक चुकत गेले, कारण मी आवाज नव्हे, यादी पाठ केली होती. मुग्धा पापडाचा तुकडा मोडत, वर न बघता, प्रत्येक पक्षी सांगत गेली. शेवटी तिने ओईचा आवाज तोंडाने काढून दाखवला, आत ओढलेली एक घोगरी शिट्टी. बाबांनी जेवण थांबवून तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात जे होतं ते मला माझ्या वाट्याला हवं होतं. आजही, मला पन्नाशी दिसायला लागली आहे, बाबांचे गुडघे गेले आहेत, आणि तरी ते पाहणं आठवलं की माझा घास थांबतो.

मी सोळा वर्षांची असेन, मुग्धा बारा, तेव्हा ठरलं की बेटावरची ओईची काही पिल्लं उचलून किनाऱ्यावरच्या एका कुंपण घातलेल्या भूशिरावर आणायची, म्हणजे मोठी होऊन ती तिथेच परत येतील आणि वसाहत वाढेल. पिल्लं उडायच्या बेताला आली की हे करतात, ऐन डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात. या कामाची प्रमुख होती फाएआ हेनी. माओरी भाषेत फाएआ म्हणजे आई किंवा मावशी. तिला सगळे तसंच म्हणत, बाबाही. बेट तिच्या लोकांचं, आणि कुणी उतरायचं हे तिने ठरवायचं. ती ठेंगणी, रुंद, पांढऱ्या केसांची होती आणि तिचा आवाज कधी चढत नसे, कारण त्याची गरजच पडत नसे. तिने बाबांना सांगितलं, एका मोठ्या माणसामागे एक मूल आणता येईल. एकच.

मला वाटलं, हे ठरलेलंच आहे. मोठी मी. बेटाचे नियम तोंडपाठ मला. बाबांची पिशवी गेली दोन वर्षं मी भरत होते. बुटांच्या खाचा टूथब्रशने घासायच्या, मोज्यांतली गवताची कुसळं चिमट्याने काढायची, खिसे उलटे करायचे, हे सगळं मी करायचे. त्या बेटावर बाहेरचं एक बी, एक मुंगी जाता कामा नये. गेली तर ती तिथे काय करेल याचा नेम नाही. हे बाबांनी मला सांगितलं होतं आणि मी ते इतकं मनावर घेतलं होतं की शाळेतून आल्यावर स्वतःचेही मोजे तपासायचे.

पण बाबा पाइपवाले. त्यांनी गॅरेजमध्ये एक नकली बीळ तयार केलं. ड्रेनेजचा उरलेला पाइप, मध्ये एक वळण, आत वाळू, आणि टोकाला गरम पाण्याची रबरी पिशवी लोकरीच्या टोपीत घालून ठेवलेली, पिल्लू म्हणून. जमिनीवर पालथं झोपायचं, गाल मातीला लावायचा, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि चाचपत जायचं. खरं काम असंच असतं. बीळ उकरायचं नाही, पिल्लाला ओढायचं नाही.

मी आधी झोपले. माझा हात वळणापर्यंत गेला आणि कोपर अडकलं.

“जरा खांदा फिरव,” बाबा म्हणाले.

“फिरवलाय.”

“अजून.”

“बाबा, हात संपला.”

मग मुग्धा झोपली. तिचा हात वळणातून पाण्यासारखा गेला. ती डोळे मिटून काही तरी गुणगुणत होती, आणि एका मिनिटात टोपी, टोपीतली पिशवी, सगळं बाहेर.

“ईझी,” ती म्हणाली. “तिचा टर्न परत घ्या ना बाबा, ती अर्ध्यात थांबली.”

हे ती मनापासून म्हणाली. तेच असह्य होतं. मी परत झोपले, परत अडकले, आणि कोपराला खरचटलं. बाबांनी माझ्याकडे नाही, पाइपकडे बघत सांगितलं, “हात जातो तिचा. पिल्लांना त्रास कमी. मुग्धा येईल. तू राखीव राहा. तुझी पिशवीही भरून ठेव, कुणी आजारी पडलं तर.”

हेवा हा शब्द फार सभ्य आहे. मी जळत होते. पण मी मुळात कामाची मुलगी, त्यामुळे माझं जळणंही कामसू होतं. मी भांडले नाही, रडले नाही. मी मुग्धाची पिशवी भरली. इतकी चांगली भरली की तसली पिशवी त्या बेटाने पाहिली नसेल. तिच्या जॅकेटची प्रत्येक शिवण उलटी करून पाहिली, वेल्क्रोत अडकलेला केसन्‌केस सुईने काढला. प्रत्येक वस्तू आत ठेवताना वाटत होतं की हिला यातली एकही गोष्ट धड वापरता येणार नाही. मग माझी पिशवी भरली, तशीच. राखीव.

आईशी मात्र वाद झाला, तो खाण्यावरून. तिने दोघांसाठी दशम्या, लसणाची चटणी आणि तिळाच्या वड्या केल्या होत्या. मी सांगितलं, तीळ चालणार नाही.

“का?”

“बी आहे ते.”

“भाजलेला तीळ उगवतो का कधी? तुझ्या त्या हेनीबाईला विचार.”

“आई, नियम आहे.”

“आणि बडीशेप?”

“बी.”

“आणि राजगिऱ्याचा लाडू? त्यात काय चोरून झाड लपलंय?”

“तेही बी.”

“म्हणजे तिथे आपलं काहीच चालत नाही,” आई म्हणाली आणि वड्यांचा डबा तिने फडताळात इतका मागे ठेवला की तो संक्रांतीला सापडला. दशम्या तेवढ्या पास झाल्या.

निघायच्या दिवशी सकाळी सगळे जाणार होतो, किनाऱ्यापर्यंत. तिथून पुढे बाबा आणि मुग्धा होडीने. मुग्धाने थंडी वाजते म्हणून पिशवीतलं जॅकेट काढून अंगात घातलं. मी म्हटलं, “ते तिथे गेल्यावर घालायचं, मी स्वच्छ केलंय.” ती म्हणाली, “डोन्ट स्ट्रेस, ताई.” तेवढ्यात आईने तिला दारात थांबवलं. मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन ती मुग्धाच्या डोक्यापासून पायांपर्यंत मूठ ओवाळायला लागली. दृष्ट काढत होती. बारा वर्षांची पोर, समुद्रावर चालली, बापाने मराठी मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, कुणाकुणाची नजर लागायची. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, असं ती पुटपुटत होती. मुग्धाला गुदगुल्या होत होत्या, ती हसत मान आत ओढून घेत होती.

मी विचारलं, “माझी नाही काढत?”

आई मूठ फिरवत होती, थांबली नाही. “तू कुठे चालली आहेस? तुला कोण दृष्ट लावणार?”

मग तिने मूठ तापलेल्या तव्यावर रिकामी केली, मोहऱ्या तडतडल्या, आणि आई समाधानाने म्हणाली, “बघ, केवढी होती.” मला त्या क्षणी काही पडलेलं दिसलं नाही. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण मुग्धाचा नवरा अजून मला त्यावरून चिडवतो.

किनाऱ्यावर एक शेड होती आणि तिच्यात एक बंद खोली, पांढरी फरशी, पांढऱ्या भिंती, म्हणजे मुंगीसुद्धा दिसावी. आत गेलं की दार लावायचं आणि सगळ्या पिशव्या फरशीवर ओतायच्या. फाएआ हेनी गुडघ्यांवर बसून एकेक वस्तू बघत होती. बाबांचं सगळं झालं. माझी पिशवीही तिने पाहिली, राखीव असली तरी, आणि मान हलवून परत बंद केली. मुग्धाची पिशवी झाली. मग ती म्हणाली, “आता जॅकेट, राजा,” आणि मुग्धाने ते काढून दिलं. हेनीने जॅकेटच्या टोपीची घडी उलगडली, झटकली, आणि पांढऱ्या फरशीवर काळे बारीक दाणे टपटपले.

बाबा वाकून म्हणाले, “वाळू असेल. गॅरेजमधली.” बाबांनी आयुष्यभर मोहरीची फोडणी खाल्ली होती, पण कच्ची मोहरी फरशीवर पाहिली नव्हती. मी पाहता क्षणी ओळखली. मी काही बोलायच्या आधीच मुग्धा बोलली, सरळ, इंग्रजीत, घरचा पत्ता सांगावा तशी.

“मस्टर्ड आहे. आई करते ते. आम्ही कुठे जायला लागलो की ती ते आमच्याभोवती फिरवते.”

“कशासाठी?” हेनीने विचारलं.

“म्हणजे लोकांचा जेलसपणा आपल्याला चिकटत नाही.”

“कुणाचा?”

मुग्धाने खांदे उडवले. “कुणाचाही.”

हेनीने मोहरीचा एक दाणा बोटावर घेतला होता. तिने तो पाहिला, मग मुग्धाकडे पाहिलं, आणि मग, मला अजून वाटतं, माझ्याकडे. मी हातातला टूथब्रश बघत उभी राहिले. हेनी म्हणाली, “आमच्याकडेही असं असतं. पाण्याने करतो आम्ही.” मग ती उठली. “पण मोहरी तिथे उगवेल, आणि एकदा उगवली की मरेपर्यंत उपटत बसावी लागेल. केसांतही असणार तुझ्या. शेवटच्या तपासणीत ज्याच्या अंगावर बी सापडलं, तो त्या खेपेला जात नाही. माझ्या सख्ख्या भाच्याला मी गवताच्या एका कुसळासाठी ठेवलंय, त्याची आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही.” तिने खिडकीतून ओहोटी बघितली. “मोठी येईल. तिची पिशवी तयार आहे.”

तिने मला विचारलं नाही. जे मला इतके दिवस हवं होतं ते कुणी कपडे वाळत घालायला सांगावं तसं मला मिळालं. मला आनंद झाला. तो इतका मोठा होता की मला तो दाखवायची लाज वाटली. मुग्धाचा चेहरा एकदा आवळला, डोळे भरले, आणि मग तिने नाक पुसून मला विचारलं, “तुझ्याकडे ग्लव्ह्ज आहेत ना? माझे चांगले आहेत. तपासून झालेत. ते घे.”

बाहेर आई थर्मासमधून सगळ्यांना चहा देत होती. बाबा तिच्यापर्यंत पोचेपर्यंत लाल झाले होते.

“किती वेळा सांगितलं होतं तुला? एक बी नको म्हणून?”

“खायच्या वस्तूंचं सांगितलं होतं,” आई म्हणाली. “ही खायची नव्हती.”

“अगं पण मोहरी ती मोहरीच ना!”

“मोहरी होती, बॉम्ब नव्हता. आणि तुमची पोर पाण्यात चालली होती, मी काय नुसतं बाय बाय करू?” मग तिला कळलं की कोण चाललंय. ती माझ्याकडे बघत राहिली. तिने माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाली, “सावकाश जा गं.” एवढंच.

बेटाबद्दल मी लिहू शकेन असं मला वाटत होतं, पण आता लिहायला बसले तर प्रामाणिकपणे सांगते, पहिले दोन दिवस मी बेट पाहिलंच नाही. मी बाबांना पाहत होते. हेनीने माझं अक्षर बघून मला नोंदी करायला बसवलं. पिल्लाचं वजन, पंखाची लांबी, कोणतं न्यायचं, कोणतं अजून लहान आहे. बाबा आणि बाकीचे पोहुतुकावाच्या झाडांखाली पालथे पडून हात आत घालायचे, एक राखाडी, लठ्ठ, चिडलेला पिसांचा गोळा बाहेर यायचा, चोच मारायचा, मासळीच्या तेलाची पिचकारी मारायचा, आणि मी आकडे लिहायचे. झाडं लाल फुलांनी भरली होती. बेलबर्ड इतके होते की सकाळी एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. बाबा दर थोड्या वेळाने डोकं वर करून म्हणायचे, “मुग्धाने हे ऐकायला हवं होतं.” त्यांच्या मनात काही नसायचं. एकदा एक कोपऱ्यातलं बीळ वळत होतं, बाबांचा हात जाईना, तर ते म्हणाले, “मुग्धा असती तर.” मी पेन्सिलीचं टोक मोडलं.

म्हणजे मी तिच्या जागेवर आले होते आणि जागा अजून तिचीच होती. तिकडे पापाटोएटोला बसून ती माझ्यापेक्षा जास्त बेटावर होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हेनीने माझ्या हातातला नोंदींचा बोर्ड काढून बाबांना दिला. “तुम्ही लिहा,” ती त्यांना म्हणाली, “तुमची पाठ गेली.” मग मला म्हणाली, “हाताच्या लांबीचं फार मनावर घेऊ नकोस. घाई केली की हात आखूड होतो. आणि हे लक्षात ठेव, पिसांऐवजी दुसरं काही लागलं तर बोटं हलवायची नाहीत. टुआटारा चावला की सोडत नाही.”

मी झोपले. गाल मातीला लागला. मातीला उबट, कस्तुरीसारखा, थोडा खारट वास होता, तो ओईचा वास. मी मुग्धाचे हातमोजे काढून ठेवले, कारण त्यांनी काही कळत नव्हतं. पहिल्या बिळात पिल्लू होतं. त्याने माझ्या बोटाला चावा घेतला आणि मी त्याला चावू दिलं, मग तळहात त्याच्या पोटाखाली सरकवला. केवढं ऊन होतं ते पोट. दुसऱ्यातही निघालं. बाबा लिहीत होते, एकदाही वर न बघता, आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही.

तिसरं बीळ एका मुळाखाली होतं आणि ते वळत होतं. माझं कोपर वळणाशी आलं, अडकलं. मी थांबले. श्वास सोडला, खांदा मातीत जाऊ दिला. हात जरासा पुढे गेला. मग अजून थोडा. बोटांच्या टोकाला काही तरी लागलं, आणि ती पिसं नव्हती.

ते थंड होतं. कोरडं. सैल कातडी, जुन्या मऊ चामड्याच्या पाकिटासारखी, आणि पाठीवरून जाणारी बारीक, लवचिक काट्यांची रांग. मी बोटं हलवली नाहीत. तेही हललं नाही. ते आत काय करत होतं मला माहीत नाही. बहुतेक ऊन वाढलं म्हणून पडलं असेल. त्या कातडीखाली एक अगदी संथ हालचाल होती, येत होती, बराच वेळ थांबत होती, परत येत होती. ते श्वास घेत होतं. माझ्या हाताच्या टोकाशी, जिथपर्यंत माझा हात जात नाही असं सगळ्यांचं ठरलं होतं, तिथे ते श्वास घेत होतं. ते चावलं नाही. मला ते आवाजावरून ओळखायचं नव्हतं. त्या वेळात मला मुग्धा आठवली नाही, बाबा आठवले नाहीत.

“काय गं?” बाबांनी विचारलं.

मी हात हळूहळू बाहेर काढला. “पिल्लू नाही,” मी म्हटलं.

“पिल्लू नाही,” बाबांनी लिहिलं.

ते खरंच होतं. मी पुढच्या बिळाकडे गेले.

परत आलो त्या संध्याकाळी आईने वरणभात, बटाट्याची भाजी आणि शेवयांची खीर केली होती. बाबा दोन घास खाऊन खुर्चीतच पेंगायला लागले. मुग्धा माझ्या समोर बसली, कोपरं टेबलावर टेकून, आणि तिने मला सगळं विचारलं. होडीतून उडी कशी मारलीस, लाट आली का, पिल्लू चावलं का, दाखव कुठे, वास कसा होता, रात्री आवाज किती होता. मी सांगत गेले. मी फार चांगलं सांगत होते, तिला हेवा वाटावा म्हणून सांगत होते. प्रत्येक वाक्यानंतर मी तिच्या चेहऱ्यावर तो शोधत होते. तो नव्हता. ती गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती, तोंड उघडं ठेवून, मध्येच हसत, आणि मी थांबले की “खूप होते का? हीप्स? मग?” म्हणत होती. जे माझ्याकडे पोतंभर होतं ते तिच्याकडे चिमूटभरही नव्हतं. ती पुन्हा कधी त्या बेटावर गेली नाही आणि तिला त्याची खंतही नाही. दरवर्षी मुलांना घेऊन पोरिरुआच्या किनाऱ्यावर पोहायला जाते आणि म्हणते, तो समुद्र तेवढाच चांगला आहे. मी मात्र त्यानंतर दहा-बारा वर्षं त्या पांढऱ्या खोलीत दुसऱ्यांच्या पिशव्या तपासल्या.

एकेक करत मी सगळं दिलं तिला, फुलं, वास, चावा, फाएआ हेनीचं बोलणं. एक सोडून; तिसऱ्या बिळाबद्दल ‘पिल्लू नाही’ एवढंच सांगितलं. ते मी बाबांना सांगितलं नाही, हेनीला नाही, पुढे नवऱ्यालाही नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. आता हे छापून आलं की तिचा पोरिरुआहून फोन येईल. येऊ दे.

“आणि ज्या बिळात पिल्लू नव्हतं,” मुग्धाने त्या संध्याकाळी शेवटी विचारलं, “तिथे काय होतं?”

“काय असणार,” मी म्हटलं. “खीर घे.”